संततीचे औषध : ते कोठून येते आणि कोणापर्यंत पोचते



पत्रिकेत आमच्या नावापुढे 'वंध्यत्वावरील औषधे' हा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले. हमालांच्या आणि ऊसतोडणी कामगारांच्या मजुरीसाठी भांडणाऱ्या माणसाला या विषयाशी काय कर्तव्य, असे एकदोघांनी तोंडावर विचारलेही. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. संघटनेच्या कचेरीत आम्ही वर्षानुवर्षे कामगारांच्या कर्जाचे हिशेब पाहत आलो आहोत. मुकादमाकडून उचल कशासाठी घेतली असे विचारले म्हणजे ठरावीक उत्तरे येत: मुलीचे लग्न, बापाचे आजारपण, घरावरचे पत्रे. अलीकडे त्यांत आणखी एका उत्तराची भर पडली आहे, आणि ते उत्तर माणूस खाली मान घालून देतो. "मूल होत नाही; शहरात इंजेक्शने चालू आहेत." इंजेक्शने कसली, ती एवढी महाग का, त्यांनी गुण येण्याचा संभव किती, यांतले काहीच त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या वस्तूपायी माणूस दोन हंगामांची मजुरी आगाऊ गहाण टाकतो, ती वस्तू काय आहे हे समजून घेणे आम्ही आमच्या कामाचाच भाग समजतो. शाळा आमची लवकर सुटली. या विषयातले जे कळले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून कळले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत: हे औषध शरीरात काय करते, ते तयार कसे होते, आणि ते कोणाला मिळते. पहिल्या दोन कळल्यावाचून तिसरीवर बोलण्याचा अधिकार आपल्याला येत नाही.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पोष ग्रंथी म्हणतात. ती रक्तात काही द्रव्ये सोडते, आणि ती द्रव्ये दूरच्या अवयवांना निरोप पोचवितात. अशा निरोप्या द्रव्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोने म्हणतात. त्यांतले एक स्त्रीच्या बीजकोशाला निरोप नेते. डॉक्टर मंडळी त्याला एफ.एस.एच. म्हणतात, आपणही तेच नाव वापरू. बीजकोशात बारीक बारीक पुटके असतात आणि प्रत्येक पुटकात एक स्त्रीबीज असते. एफ.एस.एच. आले की पुटके वाढीला लागतात. त्यानंतर एल.एच. नावाचे दुसरे संप्रेरक एकदम भरतीसारखे येते आणि पिकलेले बीज बाहेर पडते. पुरुषाच्या शरीरातही हीच दोन संप्रेरके असतात. वीर्यातील बीजे तयार होण्यास तीच लागतात. तेव्हा हा केवळ बायकांचा विषय आहे असे कोणी समजू नये.

आता एक गंमत पाहा. दर महिन्याला वाढीला अनेक पुटके लागतात, पण पूर्ण पिकते एकच. असे का? शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाटाला पाणी सोडले की वाफ्यातली सगळी रोपे तरारतात. पुढे पाणी कमी झाले की ज्या रोपाचे मूळ सर्वांत खोल गेले ते टिकते, बाकीची सुकतात. शरीर अगदी हेच करते. एक पुटक पुढे गेले की एफ.एस.एच.चा पाट आटू लागतो. पण बाहेरून इंजेक्शनाने एफ.एस.एच. चालू ठेवले, तर सुकणारी पुटकेही पिकतात आणि एकाच्या जागी आठ-दहा बीजे मिळू शकतात. शरीराबाहेर काचपात्रात गर्भधारणा घडविण्याची जी पद्धत आहे, जिला लोक 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणतात, तिचा पाया हा आहे. साधारण आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शन, मधून मधून सोनोग्राफी, मग बीज पिकविणारे शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी बीजे काढणे, असा तो क्रम असतो. काही स्त्रियांच्या पोष ग्रंथीतून हा निरोपच निघत नाही. त्यांना तर या इंजेक्शनांवाचून दुसरा मार्ग थोडाच असतो.

हे द्रव्य मिळवावयाचे कोठून, या प्रश्नात शास्त्रज्ञांची पन्नास-साठ वर्षे गेली, आणि तो इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९२७ साली बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघांनी दाखवून दिले की, गरोदर स्त्रीच्या लघवीत बीजकोशाला चेतविणारे संप्रेरक असते. गरोदरपणाची तपासणी त्यातूनच निघाली. हिटलरचे राज्य आल्यावर झोंडेक ज्यू म्हणून देशोधडीला लागले आणि जेरुसलेमला गेले. पुढे हॉलंडमध्ये तर गरोदर बायका आपली लघवी रोज बाटलीत साठवून औषधासाठी देऊ लागल्या. त्या उपक्रमाचे नावच मुळी 'मातांसाठी माता' असे आहे.

परंतु पुटके वाढविण्यासाठी एफ.एस.एच. हवे होते, आणि ते सर्वांत जास्त सापडले पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. वय झाले की बीजकोश काम थांबवितो. पोष ग्रंथीला मात्र ते ठाऊक नसते. उत्तर येत नाही म्हणून ती अधिकच मोठ्याने हाका मारीत राहते, आणि त्या हाका, म्हणजे ते एफ.एस.एच., लघवीवाटे वाहून जाते. इटलीत पिएरो दोनिनी या रसायनशास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास ते वेगळे काढले. पण माणसांना पुरेल एवढे औषध करावयाचे तर हजारो लिटर लघवी हवी. तीही एकाही गरोदर स्त्रीच्या लघवीची भेसळ नसलेली. अशा वृद्ध स्त्रिया एका जागी सापडणार कोठे? त्या सापडल्या कॅथलिक जोगिणींच्या मठांत. ब्रुनो लुनेनफेल्ड या तरुण डॉक्टरने आणि सेरोनो कंपनीने ही व्यवस्था उभी केली, आणि १९६२ साली इस्रायलमध्ये या औषधाने पहिले मूल जन्मले. ज्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळले त्या म्हाताऱ्या जोगिणींनी दुसऱ्या बायकांच्या ओटीत मूल घातले! पुराणात शोभावी अशी ही गोष्ट आहे, पण ती घडलेली आहे.

स्वीडनमध्ये याच सुमारास डॉ. कार्ल गेमझेल यांनी दुसरी वाट धरली होती. मृत माणसांच्या पोष ग्रंथी गोळा करून त्यांतून ते संप्रेरक काढीत. पुढे ऑस्ट्रेलियात सरकारी योजनेतून असे औषध दिले गेले, आणि काही वर्षांनी ते घेतलेल्या चार स्त्रिया मेंदू सडविणाऱ्या एका दुर्धर रोगाने वारल्या. प्रेतांच्या ग्रंथींतून तो रोग आला होता. १९८५ साली ती योजना बंद झाली. म्हणजे औषध माणसाच्या शरीरातून काढावे तर रोगाची भीती. लघवीतून काढावे तर पुरवठा अपुरा आणि प्रत्येक घाण्याची शुद्धता वेगळी. काचपात्रातील गर्भधारणेचा प्रसार झाल्यावर तर मागणी एवढी वाढली की लघवी पुरेना. यातून तिसरा मार्ग निघाला. हे संप्रेरक पेशींकडूनच कारखान्यात तयार करून घ्यावयाचे.

इन्शुलिनची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. मधुमेहाचे हे औषध पूर्वी गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. मग शास्त्रज्ञांनी माणसाच्या शरीरातले इन्शुलिनचे जनुक, म्हणजे ते कसे करावे याचा लिखित नमुना, सूक्ष्म जंतूत बसविला आणि जंतूंकडून ते करवून घेतले. १९८२ पासून ते बाजारात आहे. मग एफ.एस.एच. तसेच का केले नाही? याचे कारण एफ.एस.एच.च्या घडणीत आहे. ते दोन साखळ्यांचे प्रथिन आहे. एका साखळीत ९२ आणि दुसरीत १११ दुवे. त्या दोन साखळ्या एकमेकींत नीट गुंफाव्या लागतात, आणि वरून त्यांवर साखरेच्या फांद्या चढवाव्या लागतात. या फांद्या नसल्या तर संप्रेरक रक्तात टिकत नाही, लगेच वाहून जाते. साध्या जंतूला ही कारागिरी येत नाही. तिला सस्तन प्राण्याचीच पेशी लागते.

ती पेशी मिळाली चिनी हॅम्स्टर नावाच्या, उंदरासारख्या दिसणाऱ्या एका लहान प्राण्याच्या बीजकोशातून. १९५७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे थिओडोर पक यांनी त्या पेशी काचपात्रात वाढविल्या. तो प्राणी केव्हाच मेला. त्याच्या पेशींचा वंश मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. बीजकोशाला चेतविणारे औषध शेवटी एका बीजकोशाच्याच पेशींनी तयार करावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

या पेशींना कामाला लावण्याची युक्तीही सांगण्यासारखी आहे. १९८० साली अशा पेशी शोधून काढण्यात आल्या की ज्यांच्यात जगण्यास आवश्यक असे एक जनुक नव्हते. त्यांना ते जनुक द्यावयाचे, पण त्याच्या गळ्यात एफ.एस.एच.चे जनुक बांधून. मग खाद्यात असे एक विष घालावयाचे की, ज्यांच्यापाशी पहिल्या जनुकाच्या पुष्कळ प्रती असतील त्याच पेशी वाचाव्यात. विषाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली म्हणजे शेवटी ज्या पेशी उरतात त्यांच्यात दोन्ही जनुकांच्या अनेक प्रती जमा झालेल्या असतात, आणि त्या भरपूर एफ.एस.एच. करतात. त्यांतली उत्तम पेशी निवडून तिचा वंश वाढवावयाचा आणि शेकडो बारीक कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर, गोठवून ठेवावयाचा. हे कारखान्याचे बियाणे.

पुढचे काम आमच्या ओळखीचे आहे, कारण ते पाळीपाळीने, रात्रंदिवस माणसे करतात. एक कुपी वितळवावयाची. पेशी आधी लहान बाटलीत, मग मोठ्या बाटलीत, मग पोलादी टाकीत वाढवावयाच्या. उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखावयाची, प्राणवायू मोजून सोडावयाचा, साखर आणि प्रथिनांचे घटक पुरवावयाचे, आम्लता ढळू द्यावयाची नाही. पेशी साधारण दिवसाला दुप्पट होते. पण सूक्ष्म जंतू त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. एक जंतू आत शिरला की साऱ्या टाकीचा नाश. म्हणून कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकून, गाळलेल्या हवेत काम करतात. पेशी तयार झालेले एफ.एस.एच. भोवतालच्या पाण्यात सोडतात. ते पाणी काढून अनेक गाळण्यांतून शुद्ध करावयाचे, विषाणू निघून जातील याची व्यवस्था करावयाची, प्रत्येक घाण्याची तपासणी करावयाची आणि मग कुपीत भरावयाचे. या रीतीने केलेले पहिले एफ.एस.एच. १९९५ साली युरोपात विक्रीस आले. बीज पिकविणारे शेवटचे संप्रेरकही पुढे याच रीतीने होऊ लागले.

मात्रा किती लागते, हे ऐकाल तर चकित व्हाल. ७५ युनिटांच्या एका इंजेक्शनात या औषधाचे वजन साडेपाच मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे एक लक्ष ऐंशी हजारावा भाग. एका स्त्रीला एका फेऱ्यात पंधराशे ते सव्वादोन हजार युनिटे लागतात असे धरले, तरी एका ग्रॅमात सहा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकेक फेरा होईल. चिमूटभर वस्तू! तिची किंमत वजनाची नसते. ती असते त्या टाकीची, त्या गाळण्यांची, त्या तपासणीची आणि त्या हातांची. आणि त्यावर चढलेल्या नफ्याची.

हे सारे परदेशातच घडले असे मात्र समजू नका. आपल्या देशाचा, आणि विशेषतः आपल्या महाराष्ट्राचा, यात मोठा वाटा आहे. जगातले काचपात्रातील गर्भधारणेचे पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. इंग्लंडातल्या डॉक्टरांनी निसर्गाने दिलेले एकच बीज घेतले होते. मुखर्जींनी लघवीतून काढलेल्या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन अनेक बीजे पिकविली आणि गर्भ गोठवून ठेवला. पुढे साऱ्या जगाने जी वाट धरली तिच्यावर ते आधीच चालत होते. पण सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटे ठरविले, परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही, बदली केली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. इंग्लंडच्या डॉ. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने असेच एक मूल जन्मले आणि ते भारतातले पहिले म्हणून गाजले. पुढे मुखर्जींची टिपणे आनंद कुमारांच्या हाती आली. ती वाचून १९९७ साली त्यांनी जाहीरपणे लिहिले की, पहिला मान माझा नाही, मुखर्जींचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट स्वतःच्या हाताने उतरवून दुसऱ्याच्या समाधीवर ठेवणारा माणूस विरळा. आमच्या दृष्टीने ही घटना शोधाइतकीच मोठी आहे.

आणि ते १९८६ चे मूल जन्मले कोठे? परळच्या के.ई.एम. रुग्णालयात. के.ई.एम. हे मुंबई महापालिकेचे रुग्णालय, गिरणगावाच्या मध्यभागी उभे असलेले. आनंद कुमार ज्या संशोधन संस्थेचे होते तीही परळातच, आणि तीही सरकारी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर चार वर्षांनी, चिमण्यांचा धूर विझत चाललेल्या त्याच वस्तीत, जनतेच्या पैशाने चालणाऱ्या रुग्णालयात हा पराक्रम झाला. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. आज ही विद्या शहरोशहरीच्या काचेच्या इमारतींतून विकली जाते. पण आपल्या राज्यात ती उगवली गरिबांच्या रुग्णालयात.

औषध तयार करण्याची विद्याही इथे आहे. १९७१ साली स्थापन झालेली, अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी लघवीपासूनचे आणि पेशींत केलेले, असे दोन्ही प्रकारचे एफ.एस.एच. विकते. २०२४ साली मॅनकाइंड फार्मा कंपनीने ती साडेतेरा हजार कोटींहून अधिक रुपयांना विकत घेतली. कंपनी आणखीही औषधे करते, सगळी किंमत या एका औषधाची नव्हे. तरी स्त्रियांच्या आरोग्याच्या बाजारात व्यापाऱ्यांना काय दिसते आहे, हे या आकड्यावरून कळेल.

आता तिसरा प्रश्न. हे औषध कोणाला मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागणाऱ्यांचे प्रमाण जगात सहा जणांमागे एक आहे, आणि श्रीमंत व गरीब देशांत त्यात फारसा फरक नाही. दुःख सर्वत्र सारखे. उपचार मात्र खिसा पाहून. आयुष्मान भारत योजनेच्या नियमांत वंध्यत्वाचे उपचार वगळलेल्या बाबींत आहेत. खाजगी विमा कंपन्यांनाही ते वगळण्याची मुभा आहे. मग हमालाने काय करावे? उचल घ्यावी, दागिना मोडावा, एकर विकावा.

इथे कोणी म्हणेल, "देशाची लोकसंख्या एवढी असताना मूल नसणाऱ्यांची काळजी कशाला?" हा आक्षेप सुशिक्षितांकडूनच ऐकू येतो. त्याला उत्तर असे की, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचे जननमान स्त्रीमागे दोन मुले आणि महाराष्ट्राचे १.७ निघाले. लोकसंख्येचा जुना धाक आता तसा उरलेला नाही. आणि कुटुंबनियोजनाचा खरा अर्थ मूल केव्हा व किती हे त्या घराने ठरवावे असा असेल, तर ज्या घराला एकही नाही त्याची इच्छा त्यातून वगळता येणार नाही.

आमच्या मराठवाड्याने तर या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयत्यावर खाडा पडू नये, पाळीचा आणि दुखण्याचा त्रास नको, म्हणून ऐन उमेदीत शस्त्रक्रिया झालेल्या बायका त्यांत होत्या. एकीकडे चिमूटभर संप्रेरकाने कूस उजविण्याची विद्या, आणि दुसरीकडे मजुरी बुडू नये म्हणून कूसच काढून टाकण्याची पाळी! दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या, एकाच राज्यातल्या. विद्या पुढे गेली म्हणजे समाज पुढे गेला असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

श्रोतेहो, आता काही व्यवहाराच्या गोष्टी. त्या घरी नेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट पुरुषांसाठी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही कारण असते. वीर्याची तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित असते. तरी आपल्याकडे बाईला चार देवस्थाने, तीन बुवा आणि दोन शस्त्रक्रिया घडतात, आणि नवरोबांची तपासणी राहूनच जाते. ती आधी व्हावी.

दुसरी गोष्ट. प्रत्येकाला या महाग इंजेक्शनांची गरज नसते. पुष्कळ स्त्रियांना गोळ्यांनी गुण येतो. काहींच्या गर्भनलिका क्षयरोगाने किंवा दुसऱ्या रोगसंसर्गाने बंद झालेल्या असतात. तिथे आधी कारण शोधावे लागते. निदानाआधी इंजेक्शन म्हणजे नांगरटीआधी पेरणी.

तिसरी गोष्ट किंमतीची. पेशींत केलेले औषध अधिक शुद्ध असते, त्याची मात्रा नेमकी असते आणि पुरवठा मोठा होऊ शकतो, हे खरे. पण त्याने मूल होण्याचा संभव लघवीपासूनच्या औषधापेक्षा ठळकपणे वाढतो असे दिसलेले नाही. २०११ साली चाळीसहून अधिक चाचण्यांतील साडेनऊ हजारांवर जोडप्यांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा जिवंत मूल जन्मण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा "महागाचे घ्या, हमखास मूल" असे कोणी म्हणाले तर कारण विचारा. हमखास असे या शास्त्रात काहीच नाही. पुष्कळ फेरे निष्फळ जातात, आणि स्त्रीचे वय वाढते तसा संभव झपाट्याने घटतो.

चौथी गोष्ट धोक्याची. मात्रा जास्त झाली तर बीजकोश फुगतात, पोटात पाणी साठते, क्वचित जिवावरही बेतते. इंजेक्शनांच्या दिवसांत पोट फुगले, दम लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा. शिवाय यांतली पुष्कळ औषधे २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागतात. आपल्या वैशाखात एस.टी.च्या खिडकीशी पिशवीत ठेवलेले औषध देगलूरला पोचेपर्यंत औषध राहील की नाही, याची शंकाच आहे. बर्फाचा डबा बरोबर न्यावा.

पाचवी गोष्ट कायद्याची. २०२१ च्या कायद्याप्रमाणे असे उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याची नोंदणी झालेली असली पाहिजे. स्त्रीबीज विकणे हा गुन्हा आहे. बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यावे, आणि सातांहून अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्याच्यापाशी विकण्यास श्रमावाचून काही नाही, त्याच्या घरातल्या बाईपुढे दलाल उभा राहतो आणि श्रमाखेरीज आणखीही काही विकता येते असे सुचवितो. असा माणूस वस्तीत आला तर त्याला चहा पाजू नका, आम्हांला कळवा.

इतके सांगून झाल्यावर आमची मागणी काय, तीही सांगतो. के.ई.एम.ने जे १९८६ साली करून दाखविले ते मराठवाड्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत का होऊ नये? गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हा उपचार मोफत सुरू झाला. मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ साली सरकारी केंद्र निघाले. नांदेड आणि लातूर येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे निदान पूर्ण तपासणी, गोळ्यांचा उपचार आणि योग्य त्या जोडप्यांना इंजेक्शने मिळावीत; विमायोजनेतील वगळणूक रद्द व्हावी; आणि औषधाची खरेदी सरकारने एकत्रितपणे करून दर खाली आणावेत. पिंपरीला १९५४ साली सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिनचा कारखाना उभारला. त्या काळी तेही परदेशी गुपितच होते. आपल्या कामगारांनी त्या टाक्या चालवून दाखविल्या. पुढे तो कारखाना डबघाईस आला, हे खरे. पण म्हणून जनतेच्या पैशाने औषध होत नाही असे सिद्ध होत नाही. आज पेशींच्या टाक्या चालविणारे हातही याच मातीतले आहेत.

मात्र सरकारकडे मागणी करताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. ओटी भरताना जिला वगळतात, डोहाळजेवणाला जिला दाराबाहेर ठेवतात, बारशाला जिची सावली नको असते, तिला कोणत्या कारखान्याचे औषध पुरणार? 'वांझ' हा शब्द आपण दगडासारखा फेकतो, आणि तो फेकणाऱ्यांत बायकाही असतात. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही. त्यांनी यशवंताला दत्तक घेतले, शिकवून डॉक्टर केले, आणि पुण्याजवळ प्लेगच्या साथीत त्याच यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनी १८९७ साली देह ठेवला. त्या घराला निपुत्रिक म्हणण्याची कोणाची छाती आहे? उपचार ज्याला हवा त्याला तो मिळावा. ज्याला नको, किंवा ज्याच्या उपचाराला यश आले नाही, त्याच्या अंगणातही सन्मानाने पाऊल टाकावे. या दोन गोष्टी आम्ही एकाच न्यायाच्या समजतो.

जोगिणींपासून हॉलंडच्या मातांपर्यंत, कलकत्त्याच्या मुखर्जींपासून परळच्या पालिकेच्या रुग्णालयापर्यंत, आणि टाकीशेजारी रात्रपाळी करणाऱ्या कामगारापर्यंत किती हात या एका कुपीला लागले आहेत, ते आपण पाहिले. इतक्यांनी मिळून केलेली वस्तू थोड्यांच्याच ओटीत पडावी, हे आम्हांला मान्य नाही. आपणांसही ते मान्य नसेल, तर नांदेडला पाठविण्याचे निवेदन बाहेर टेबलावर ठेवले आहे. सही करताना नवऱ्याबायकोने दोघांनी करावी, एवढीच विनंती.